ठरावाचं बाकडं

अर्नाळ्याच्या माझ्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात सपाट बुडाची एकही वस्तू बनवली नव्हती. ही गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. त्यांच्या बायकोला ती माहीत होती, गल्लीला माहीत होती, ज्यांच्या ओळखीनं मला त्यांची मागची खोली मिळाली त्या शिक्षिकेलाही माहीत असणारच. पण गावात असलं काही कुणी सांगत नाही. भाडेकरूला ते आपलं आपण कळेपर्यंत मजा बघत बसतात.

त्यांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणायचे. काका होड्या बांधणारे सुतार. शेवटची होडी बांधून बरीच वर्षं झाली होती, कारण आता किनाऱ्यावर जिकडेतिकडे फायबरच्या होड्या. तरी कुणी विचारलं तर ते "होड्या बांधतो" असंच सांगत, जणू कालच रंधा खाली ठेवलाय. पडवीत एक खुंटी होती आणि तिच्यावर सुतळ्यांचा जुडगा. एकेक सुतळी म्हणजे एकेक होडी, आणि सुतळीला मारलेल्या गाठी म्हणजे त्या होडीची मापं. घरात टेप होती, पण ती काकी ब्लाउजांसाठी वापरायच्या. काकांनी तिला हात लावलेला मी कधी पाहिला नाही.

"टेप सगळ्यांना एकच सांगते," ते म्हणायचे. "सुतळी ज्याची त्याची."

मी वाढले पत्रकांवर. वडील कामगार संघटनेत होते. आमच्या घरी पुस्तकं मोजकी आणि पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे. अक्षरओळख मला 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून झाली. वडील गेल्यावर त्यांच्याकडून माझ्याकडे दोन गोष्टी आल्या: पत्रकं लिहायची खोड आणि ठराव. ठराव म्हणजे त्यांचा कुत्रा. संपाचा ठराव मंजूर झाला त्या दिवशी हे पिल्लू संघटनेच्या कार्यालयात शिरलं, म्हणून हे नाव. अर्नाळ्याला आले तेव्हा ठराव बारा वर्षांचा होता, मिशा पांढऱ्या, चाल वडिलांसारखी, जरा उजवीकडे झुकती. काकांना ते नाव पटलं नाही. ते त्याला पाव्हना म्हणत.

विरारला एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचे आणि उरलेल्या वेळात माझी पत्रकं लिहायचे. टँकरच्या पाण्याबद्दल, किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्या कचऱ्याबद्दल, मिठागरांत राबणाऱ्यांबद्दल. प्रत्येक नवं पत्रक काका मला मोठ्यानं वाचायला लावत. स्वतः डोळे मिटून, पाठ खांबाला टेकून ऐकत. शेवटपर्यंत ऐकत, हे मान्य केलं पाहिजे. मग डोळे उघडून दर वेळी एकच प्रश्न.

"हे कोन वाचनार?"

"लोक वाचणार, काका."

"ज्याला पानी मिळत नाय त्याला हे ठाऊक हाय. ज्याला मिळतं तो वाचनार नाय. मग राहिला कोन?"

"तुम्ही ऐकलंत ना."

"मी भाडं घेतो तुज्याकडून. मला ऐकायलाच पायजे."

अशा माणसाकडे मी बाकडं मागायला गेले, ही माझी चूक.

झालं असं की ठराव खाल्लेलं टाकायला लागला. उलटी नव्हे. घास गिळायचा आणि पाच मिनिटांत तो तसाच, न पचलेला, बाहेर. विरारच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून सांगितलं की त्याची अन्ननलिका सैल पडली आहे, घास ती खाली ढकलत नाही. औषधानं फारसं होणार नाही. त्याला खाली वाकून खाऊ द्यायचं नाही. पुढचे पाय पायरीवर, तोंड वर, भांडं त्याच्या तोंडासमोर, आणि खाऊन झाल्यावर दहा मिनिटं तसंच उभं ठेवायचं. म्हणजे घास आपल्या वजनानं उतरेल. "पायरी असलेलं छोटंसं बाकडं करून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि लवकर करा. आत्ता सोळा किलो आहे. याच्या खाली उतरला तर मग अवघड होईल."

लाकडाचा साधा तुकडा. दोन तासांचं काम. आणि मी राहत होते सुताराच्या घरात.

काकींनी ऐकलं आणि त्या हसल्या. काकी सुकी मासळी विकायच्या, बोलताना समोरच्याकडे न बघता बोंबील निवडत राहायच्या. "माज्या पाटाला तीन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "बसून मासळी कापायला एक पाट मागितला मी यांच्याकडे. अजून लाकूड बघतायत. तू आपली मोबाइलवरनं मागव, बाय. माजा भाचा सगळं मागवतो, दारात आनून देतात."

मी त्यांना सांगितलं की मी असं घरपोच काही मागवत नाही. सामान आणून देणाऱ्या पोरांना कसं पळवतात, पडलं-झडलं तर त्यांना कोण विचारतं, याच्यावर मी स्वतः पत्रक लिहिलं आहे. ते मी त्यांना बरंचसं तोंडपाठ म्हणून दाखवलं.

काकींनी एक बोंबील उजेडात धरून बघितला आणि टोपलीत टाकला. "म्हंजे तू पन यांच्यातलीच," त्या म्हणाल्या.

काकांनी पहिले चार दिवस नुसतं बघितलं. ठराव खाताना बघितला, झोपताना बघितला, घास टाकताना तर अगदी जवळ बसून बघितला. पाचव्या दिवशी नवी सुतळी काढली. तिच्यावर त्यांनी इतकी मापं घेतली की मला वाटलं हा माणूस कुत्र्याचीच प्रतिकृती बनवणार आहे. पंजापासून कोपरापर्यंत, कोपरापासून छातीपर्यंत, हनुवटीपासून फासळ्यांपर्यंत. प्रत्येक मापाला गाठ. ठराव त्यांना सगळं करू देत होता. मला नखं कापू देत नाही.

"काका, उंची आणि रुंदी. एवढंच पाहिजे."

"होडी बांधताना लोक हेच सांगतात. एवढंच पायजे. मग बुडतात."

मग लाकूड. अंगणात फळ्या पडल्या होत्या, पण त्या चालणार नव्हत्या. आंब्याचं लाकूड पाणी धरतं. जे आणतील ते फणसाचंच. त्यासाठी ते एक दिवस राजोडीला जाऊन आले आणि रिकाम्या हातानं आले. ज्याच्याकडे लाकूड होतं त्याच्याशी त्यांचं होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, जुनं भांडण होतं, ते पुढे चालवून आले. दुसऱ्या खेपेला फळी मिळाली. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोवर ती फळी खाडीच्या पाण्यात गेली. वर दगड.

"हे काय?"

"मुरतंय."

"किती दिवस?"

"आट-दहा. मग सावलीत सुकनार. मग भांगात कापायची."

भांग म्हणजे अष्टमीच्या आगेमागे येणारी सुस्त भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात काका लाकडाला करवत लावत नसत. उधाणात कापलेलं लाकूड पुढे फुगतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की हे बाकडं समुद्रात जाणार नाही, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहणार आहे. ते म्हणाले, स्वयंपाकघरात पानी सांडत नाय का.

या सगळ्या दिवसांत मी ठरावाला कसं भरवत होते ते सांगते. सकाळी आणि रात्री मी भिंतीला पाठ लावून उकिडवी बसायचे, त्याचे पुढचे पाय माझ्या गुडघ्यांवर, एका हातात वाडगा. तो मध्येच घसरायचा. भात माझ्या मांडीवर, घास जमिनीवर. दहा मिनिटं त्याला तसं धरून ठेवता ठेवता माझे हात भरून यायचे. दुपारचं काकी बघत. दर रविवारी काकींच्या मासळीच्या काट्यावर, पाटीत बसवून, मी त्याचं वजन करायचे. पावणेसोळा. साडेपंधरा. काकी काट्याकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत याचीच मला भीती वाटायची.

तिसऱ्या रविवारनंतर मी ठरवलं की पुरे. काका बाहेर गेले असताना अंगणातली एक फळी घेतली, त्यांचीच करवत घेतली, कोपऱ्यावरच्या दुकानातून खिळे आणले आणि एका दुपारीत बाकडं केलं. चार पाय, वर वाडग्यासाठी भोक, पुढे विटांची पायरी. देखणं नव्हतं. पण संध्याकाळी ठराव त्याच्यापुढे उभा राहिला, जेवला, आणि घास पोटात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिला. छापखान्यात जाताना मी गल्लीतल्या प्रत्येकाकडे बघून हसले.

परत आले तेव्हा बाकडं नव्हतं. अंगणात फळ्या एकावर एक नीट रचलेल्या, आणि एका वाटीत माझे खिळे, सरळ केलेले.

"फळी पालथी लावलेली," काका म्हणाले. "आतली बाजू वर. चार दिवसांत वाकली असती. आनि एक खिळा बाहेर आलेला, वाडग्याच्या बाजूला."

"मग तो खिळा ठोकायचा होता."

"चुकीच्या फळीत खिळा ठोकून काय उपेग?"

मी त्या दिवशी बरंच बोलले. आयुष्यभर पत्रकांतून जे कुणा मोठ्या माणसाला सुनवायचं राहून गेलं होतं ते सगळं एका म्हाताऱ्या सुताराला सुनवलं. म्हटलं, तुमच्यासारख्यांच्या हट्टापायीच तुमचा धंदा बसला. म्हटलं, तुम्हाला वस्तू बनवायची नाही, तुम्हाला नुसती वाट बघायला लावायची आहे, कारण तेवढीच एक सत्ता तुमच्या हातात उरली आहे. म्हटलं, हा कुत्रा तुमच्या भांगाची वाट बघत उपाशी मरेल आणि तुम्ही त्याच्याही सुतळीला गाठ मारून ती खुंटीवर टांगाल.

काका उठले, ठरावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "परवा अष्टमी हाय."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून दुपारीच परतले. खोली सोडायची होती. मनवेलपाड्याला, छापखान्याजवळ, एका चाळीत जागा बघून आले होते आणि सामान आवरायला लागणार होते. पडवीत काका खांबाला पाठ टेकून बसले होते. ठराव त्यांच्या मांडीवर, पण उभा, पाठ त्यांच्या छातीला लावून, पुढचे पाय लोंबकळत, लहान मुलाला ढेकर काढायला धरतात तसा. काकी समोर बसून भाताचे गोळे भरवत होत्या. गोळा गेला की काका अंगठ्यानं त्याचा गळा वरून खाली चोळायचे. जेवण संपलं तरी ते हलले नाहीत. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते.

"लाटा मोजतायत," काकी म्हणाल्या. "शंभर लाटा म्हंजे तुजी धा मिन्टं. घड्याळ नाय चालत यांना."

"रोज?"

"लाकूड पान्यात टाकलं तवापासनं."

दुपारचं काकी बघतात असं मी समजत होते. मला तेव्हा विरघळायला हवं होतं. गोष्टींत माणसं विरघळतात. मी विरघळले नाही, उलट जास्तच चिडले. रोज शंभर लाटा मोजायला ज्याच्याकडे वेळ आहे त्यानं त्याच वेळात चार फळ्या जोडल्या असत्या तर मोजायची वेळच आली नसती. हे मी बोलूनही दाखवलं.

"ब्याण्णव," काका म्हणाले. "बोलू नको. चुकनार."

मी सामान बांधलं नाही, एवढं मात्र खरं. मनवेलपाड्याला दुपारी लाटा मोजायला कोण होतं?

अष्टमीला त्यांनी करवत लावली आणि तीन दिवसांत बाकडं झालं. खिळा एकही नाही. खाचेत खाच आणि लाकडाच्या मेखा. वाडग्यासाठी वर कोरलेलं भोक, खाली पायरी, पायरीला पंजा घसरू नये म्हणून आडव्या रेघा. कडा अशा घासलेल्या की गालावरून फिरवाव्यात. वर होडीला देतात तसं माशाचं तेल, दोन हात. गल्लीतल्या सगळ्या मांजरी आणि निम्मे कावळे ते बघायला आले. ठरावानं तर आधी बाकडंच चाटलं.

मी ते उचलून माझ्या खोलीत नेलं, लादीवर ठेवलं, आणि ते डुललं.

मी वाकून बघितलं. बाकड्याला पायच नव्हते. खाली दोन जाड पट्ट्या होत्या आणि त्या दोन्ही बुडाला गोल, होडीच्या पोटासारख्या. चार आठवडे. फणस, खाडी, अष्टमी, आणि शेवटी माझ्या हातात काय, तर जमिनीवर न टेकणारं बाकडं.

बोलायचं संपलं होतं. टँकरच्या पत्रकांचे दोन गठ्ठे शिल्लक होते, ते पुढून-मागून बाकड्याखाली सारले. घट्ट बसलं. ठरावाला पुढे आणलं. त्यानं पाय पायरीवर ठेवले, मान लांबवली, वाडगा चार बोटं लांब राहिला. आणखी लांबवली. मागचे पाय फरफटले आणि तो हनुवटीवर आपटला.

काका दारात उभे होते. "टेकू काढ," ते म्हणाले.

"काका, ते डुलतंय."

"टेकू जमिनीवरच्या होडीला. मानूस बसला की टेकू काढायचे असतात. काढ."

मी गठ्ठे ओढून काढले, रागानंच काढले. काकांनी ते उचलून काखेत धरले. ठरावानं पुन्हा पाय पायरीवर ठेवले. त्याच्या वजनानं बाकडं त्याच्याकडे कललं, हळूच, आणि वाडगा आपणहून त्याच्या तोंडाशी आला. पायरी खाली दबून जमिनीला टेकली आणि तिथेच थांबली. त्याची मान वर, छाती फळीला टेकलेली. फळी त्याच्या कोपरांना, छातीला, हनुवटीला जिथे लागायला हवी तिथे लागत होती. सुतळीवरच्या सगळ्या गाठी मला आत्ता एकेक करून दिसल्या. तो जेवला. वाडगा चाटून पुसून जेवला.

मग आम्ही तिघं उभे राहिलो. काका ओठांत मोजत होते, काकी हातातली टोपली खाली न ठेवता उभ्या. मी ठरावाच्या गळ्याकडे बघत होते. घास परत येताना तिथे आधी एक फुगवटा दिसायचा. पन्नासच्या सुमारास त्यानं एकदा ओठ चाटले आणि मी खाली वाकले. काही आलं नाही. शंभर झाल्या. काकांनी आणखी वीस मोजल्या, वरच्या.

"राहिलं," ते म्हणाले. मग काखेतल्या गठ्ठ्यांकडे बघून, "हे ने. बरे घट्ट बसतात. काकीच्या दरवाजाला लावता येतील, वाऱ्यानं आपटतो."

ते गोल बूड त्यांनी विचार करून केलं होतं की आयुष्यभराच्या सवयीनं हात तसाच वळला, हे मला आजवर कळलेलं नाही. मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "होडी तशीच असते." दुसऱ्यांदा म्हणाले, "पाव्हन्याला इचार." तिसऱ्यांदा त्यांनी ऐकलंच नाही, कारण तेव्हा ते मला पत्रक वाचायला सांगून डोळे मिटून बसले होते. काकींचं मत विचाराल तर ती निव्वळ चूक होती आणि कुत्र्याच्या नशिबानं बरी निघाली. "पाट गोल केला असता तर मी पडले असते," त्या म्हणाल्या. "म्हनून तर मी मागायची थांबले."

पुढल्या रविवारी काटा पावणेसोळावर आला, त्याच्या पुढल्या महिन्यात सतरावर. काकी तेव्हा काट्याकडे बघून बोलल्या. म्हणाल्या, "सुरमई असती तर चांगला भाव आला असता."

गेल्या वर्षी छापखान्याची वेळ बदलली आणि मला शेवटी मनवेलपाड्याला यावंच लागलं. ठराव आता चौदाचा आहे, एका डोळ्यानं कमी बघतो, पण जेवण पोटात ठेवतो. बाकडं इथल्या गुळगुळीत लादीवर जरा जास्तच डुलतं. शेजारच्या बाई एकदा बघून म्हणाल्या, सुतारानं फसवलं तुम्हाला, पाय लावून घ्या, माझ्या ओळखीचा आहे एक. मी त्यांना आत बोलावलं आणि ठरावाची जेवायची वेळ होईपर्यंत बसवून ठेवलं. समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

काका दर अमावस्येला फोन करतात, कारण उधाणात त्यांना काम नसतं. भांगातही नसतं, पण ते असो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"राहतं का पोटात?"

"राहतं, काका."

"आनि बाकडं? डुलतं का अजून?"

"डुलतं."

"मग बरोबर हाय," ते म्हणतात आणि मी पुढचं काही बोलायच्या आत फोन ठेवतात.